तळे की क्रीडांगण? बंगळूरच्या संपंगी तळ्याचा इतिहास

प्रस्तावना

शहरातील एखादे तळे, पाणथळ किंवा झाडोऱ्याची जागा सपाट करून तिथे क्रीडांगण करावे का, हा वाद भारतातील बहुतेक मोठ्या शहरांत कधी ना कधी झालेला आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपल्या ओळखीचे असते. एक बाजू म्हणते की मुलांना खेळायला जागा उरलेली नाही. दुसरी बाजू म्हणते की पावसाचे पाणी मुरायला आणि पक्ष्यांना टेकायला जागा उरलेली नाही. दोन्ही विधाने खरी असल्यामुळे वाद तिथेच फिरत राहतो.

या टिपणात आपण हाच वाद इतिहासाच्या अंगाने पाहणार आहोत. त्यासाठी बंगळूर शहरातील संपंगी तळ्याचे उदाहरण घेऊ. आज त्या जागेवर श्री कंठीरवा स्टेडियम उभे आहे. हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने नकाशे, सरकारी पत्रव्यवहार आणि वृद्धांच्या आठवणी यांच्या आधारे या तळ्याचा इतिहास मांडला आहे, त्यामुळे हे उदाहरण अभ्यासाला सोयीचे आहे.

टिपणाचा मुख्य मुद्दा सुरुवातीलाच सांगतो. 'तळे की मैदान' हा प्रश्न लोकांसमोर येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्याआधी कितीतरी वर्षे तळ्याचे उपयोग एकेक करून सुटत जातात. त्याच्यावर हक्क सांगणारी माणसे बाजूला पडतात. शेवटी सरकारी कागदावर ती फक्त 'मोकळी जागा' उरते. क्रीडांगण हा त्या जागेवरचा शेवटचा दावा असतो. पहिला धक्का त्याआधीच कोणीतरी दिलेला असतो.

नदी नसलेल्या शहराची तळी

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या पठारावर वसले आहे. शहरातून बारमाही मोठी नदी वाहत नाही. इथे वस्ती टिकवायची तर पावसाचे पाणी अडवून ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. १६व्या शतकात केंपेगौडांनी पेठ वसवली, तेव्हा आणि त्याच्या आधीपासूनही, उतारावर बांध घालून तळी करण्याची पद्धत या भागात रूढ होती. कन्नडमध्ये अशा तळ्याला 'केरे' म्हणतात.

ही तळी सुटी सुटी नव्हती. वरचे तळे भरले की सांडव्यातून निघालेले पाणी 'राजकालुवे' नावाच्या मोठ्या नाल्यांतून खालच्या तळ्यात जाई. अशी माळ उताराने पुढे जात राही. पाणी कोणाच्या शेताला कधी सोडायचे, हे 'नीरगंटी' पाहत असे. महाराष्ट्रात पाटकरी जे काम करी, साधारण तेच हे काम. गाळ काढणे, बांध दुरुस्त करणे ही कामे गावाची समजली जात आणि तो गाळ शेतात खत म्हणून पडे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. आज आपण ज्यांना शहरातील 'नैसर्गिक जागा' म्हणतो, ती तळी माणसांनी बांधलेली होती आणि माणसांच्या वापरामुळेच टिकून होती. वापर थांबला की गाळ साचे, बांध फुटे, तळे आक्रसत जाई. म्हणून तळ्याचा इतिहास लिहिताना पाण्याइतकेच लक्ष वापरणाऱ्यांकडे द्यावे लागते.

संपंगी तळे कोणाचे होते?

१७९९ मध्ये टिपू सुलतानाचा पाडाव झाल्यानंतर इंग्रजांनी १८०९ मध्ये बंगळूरला लष्करी छावणी उभारली. १८८१ मध्ये म्हैसूर संस्थान पुन्हा वडियार राजघराण्याकडे आले, पण छावणीचा भाग इंग्रज रेसिडेंटच्या ताब्यात राहिला. अशा रीतीने एका शहराचे दोन तुकडे झाले. पश्चिमेला जुनी पेठ आणि पूर्वेला छावणी. दोन्हींचा कारभार वेगळा होता. संपंगी तळे या दोन वस्त्यांच्या मधोमध होते.

तळ्याचे पाणी पिण्यासाठी आणि घरगुती वापरासाठी जाई. त्याच्या काठाने भाजीपाल्याचे आणि फुलांचे मळे होते. गुरे चरत, मासेमारी होई. मळे करणाऱ्यांत तिगळ समाज, म्हणजेच वह्निकुल क्षत्रिय, प्रमुख होता. बागायती हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. बंगळूरचा प्रसिद्ध करग उत्सवही याच समाजाचा. चैत्र पौर्णिमेच्या सुमारास द्रौपदीच्या नावाने होणाऱ्या या उत्सवाचे काही विधी संपंगी तळ्याशी जोडलेले होते. म्हणजे एकाच तळ्यावर पाण्याचा, शेतीचा, चराईचा, मासळीचा आणि धर्माचा असे अनेक हक्क होते. यांपैकी फार थोडे हक्क लेखी होते.

नळ आला आणि तळ्याचे मोल घटले

१८९६ मध्ये शहराच्या वायव्येला अर्कावती नदीवरील हेसरघट्टा येथून नळाने पाणी येऊ लागले. ही शहराच्या इतिहासातील मोठी सोय होती आणि तिचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे पाणी आले. १९७४ मध्ये सुमारे १०० किलोमीटर दूर असलेल्या कावेरीचे पाणी आले. पण पाणी जसजसे लांबून येऊ लागले, तसतसे जवळच्या तळ्याचे मोल प्रशासनाच्या नजरेत घसरले. ज्या तळ्यावर शहराची तहान अवलंबून होती, ते आता थोड्या माळ्यांचे आणि गुराख्यांचे तळे झाले.

याच काळात साचलेल्या पाण्याकडे पाहण्याची वैद्यकीय दृष्टीही बदलली. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात मलेरियाचा परजीवी शोधून काढला. १८९८ मध्ये बंगळूरला प्लेगची साथ आली आणि दाट वस्ती विरळ करण्यासाठी बसवनगुडी, मल्लेश्वरम असे नवे भाग वसवले गेले. त्या काळच्या भारतीय शहरांत कारभाऱ्यांच्या लेखी उथळ पाणी म्हणजे रोगराई आणि कोरडी, सपाट जमीन म्हणजे सुधारणा, असे समीकरण दृढ होत गेले. ते पूर्णपणे खोटे नव्हते. सांडपाणी मिसळलेली तळी खरोखरच घाण झाली होती. परंतु उपाय म्हणून सांडपाणी रोखण्यापेक्षा तळे आटवणे सोपे पडले.

पोलो की मळे?

संपंगीवर खेळाचा पहिला दावा स्टेडियमच्या फार आधी आला. १९व्या शतकाच्या अखेरीस छावणीतील युरोपीय अधिकाऱ्यांना पोलोसाठी सपाट, कोरडी जागा हवी होती. तळ्याचे पात्र त्यासाठी सोयीचे होते, मात्र त्यात पाणी नसले पाहिजे. उलट तिगळ माळ्यांना मळ्यांसाठी तळ्यात पाणी हवे होते. एकाच जागेबद्दल दोन गटांच्या मागण्या एकमेकींच्या अगदी विरुद्ध होत्या. त्यांतल्या एका गटाची कारभाऱ्यांशी रोजची ऊठबस होती, तर दुसऱ्याला अर्ज करावा लागे.

असाच संघर्ष मुंबईतही त्याच सुमारास झाला होता. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला एस्प्लनेडच्या मैदानावर पारशी आणि इतर भारतीय तरुण क्रिकेट खेळत. तिथेच युरोपीय मंडळी पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी खेळपट्टी उखडून निघे. पारशी क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. त्या वादात दोन्ही बाजूंना खेळच हवा होता. तरीही प्रश्न तोच होता: सगळ्यांच्या म्हणवल्या जाणाऱ्या जागेवर कोणाचे म्हणणे आधी ऐकले जाते? मुंबईच्या उदाहरणावरून दिसते की 'निसर्ग विरुद्ध खेळ' ही मांडणी अपुरी आहे. जागेच्या वादात सत्तेचा भाग नेहमीच असतो.

तळ्यापासून स्टेडियमपर्यंत

२०व्या शतकाच्या पूर्वार्धात संपंगी तळे टप्प्याटप्प्याने कोरडे झाले. आजूबाजूला रस्ते आणि इमारती वाढल्या आणि तळ्यात येणारे पाणी तुटले. मळे गेले तसे माळ्यांचे अर्जही थांबले. कोरडे पात्र प्रदर्शने, सभा, खेळ यांसाठी वापरात आले. पुढे तिथे स्टेडियम झाले. १७व्या शतकातील म्हैसूरचे राजे कंठीरव नरसराज वडियार यांचे नाव त्याला मिळाले. १९९७ मध्ये कर्नाटकात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा त्याला आजचे रूप आले. मुख्य स्टेडियमची क्षमता सुमारे २५ हजार प्रेक्षकांची आहे आणि शेजारी बंदिस्त स्टेडियमही आहे.

संपंगी एकटे नव्हते. शूले तळ्याच्या जागी फुटबॉल स्टेडियम आले, तर अक्कितिम्मनहळ्ळी तळ्याच्या जागी हॉकी स्टेडियम. कोरमंगला तळ्याच्या जागेवर १९९७च्या स्पर्धांच्या निमित्ताने नॅशनल गेम्स व्हिलेज ही वसाहत झाली. धर्मांबुधी तळ्याच्या जागी शहराचे मुख्य बसस्थानक आले.

संपंगीचे पाणी मात्र पूर्णपणे गेले नाही. स्टेडियमच्या आवारालगत आजही एक छोटे बांधीव कुंड आहे आणि करग उत्सवाचे विधी तिथे होतात. सगळे तळे गेले आणि एवढाच तुकडा राहिला, हा योगायोग नव्हे. मासेमारी, चराई, बागायती हे हक्क सांगणारे लोक पांगले. धार्मिक हक्क सांगणारा समाज मात्र संघटित राहिला आणि दरवर्षी न चुकता तिथे येत राहिला. जेवढा वापर जिवंत राहिला, तेवढेच पाणी उरले.

क्रीडांगणाची बाजू

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे नीट ऐकू. संपंगीची जागा दुकानांना किंवा खासगी बंगल्यांना गेली नाही. ती सार्वजनिक कामाला आली. कंठीरवाच्या धावपट्टीवर कित्येक धावपटूंनी सराव केला आहे. जुलै २०२३ मध्ये भारतीय फुटबॉल संघाने याच मैदानावर कुवेतला हरवून सॅफ अजिंक्यपद जिंकले. दाट वस्तीतल्या मुलामुलींना घराजवळ मैदान मिळणे ही चैनीची गोष्ट नाही. ज्यांच्या घरात पाय पसरायला जागा नाही, त्यांना मैदानाची गरज सर्वांत जास्त असते. मुलींच्या बाबतीत तर मैदान दूर असले की खेळच सुटतो.

शिवाय काही तळी स्टेडियम होण्याआधीच मेलेली होती. सांडपाण्याचे डबके आणि कचऱ्याचा ढीग यांपेक्षा हिरवे मैदान बरे, असे जवळ राहणाऱ्याला वाटले तर त्याला दोष देता येत नाही.

या म्हणण्यात एक अडचण आहे. 'मैदान' या शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. उघडे, गवताचे मैदान पाणी मुरू देते आणि कोणीही केव्हाही तिथे येऊ शकतो. स्टेडियमला भिंत असते, फाटक असते, तिकीट किंवा परवानगी असते. त्याचा मोठा भाग काँक्रीटचा आणि कृत्रिम पृष्ठभागाचा असतो. 'मुलांना खेळायला जागा हवी' या कारणाने मागितलेली जमीन जर आधी नोंदवलेल्या संघांना आणि मोठ्या कार्यक्रमांनाच मिळणार असेल, तर मूळ कारण मागे पडते. म्हणून अशा वादात 'क्रीडांगण हवे का?' याच्याबरोबर 'कसले क्रीडांगण, आणि त्याचे फाटक कोणासाठी उघडे राहणार?' हेही विचारले पाहिजे.

दुसरी अडचण पाण्याची. उतारावरचे तळे बुजवले तरी उतार तसाच राहतो. पूर्वी तळ्यात थांबणारे पाणी मग रस्त्यावर आणि सखल वस्तीत थांबते. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या पूर्व भागात वसाहती आणि कार्यालये पाण्याखाली गेली. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, मार्च २०२४ मध्ये, शहराला तीव्र पाणीटंचाई सोसावी लागली. एकाच शहरात पूर आणि टंचाई लागोपाठ येण्याला अनेक कारणे आहेत. पाणी थांबण्याच्या आणि मुरण्याच्या जागा कमी होणे हे त्यांतले एक आहे.

कोलकाता आणि दिल्ली

बंगळूरचा निष्कर्ष इतर शहरांत कितपत लागू पडतो, हे पाहण्यासाठी दोन उदाहरणे थोडक्यात घेऊ.

कोलकात्याच्या पूर्वेला खाऱ्या पाण्याची विस्तीर्ण दलदल होती. १९६०च्या दशकात हुगळी नदीचा गाळ आणून तिचा एक भाग भरण्यात आला आणि सॉल्ट लेक हे उपनगर वसले. १९८४ मध्ये तिथे भव्य फुटबॉल स्टेडियम सुरू झाले. उरलेल्या पाणथळीत मात्र शहराच्या सांडपाण्यावर मासे वाढवणारी 'भेरी' नावाची तळी आणि भाज्यांचे मळे चालू होते. अभियंते ध्रुवज्योती घोष यांनी या व्यवस्थेचा अभ्यास करून तिचे काम लोकांपुढे मांडले. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने या पाणथळीतील बांधकामांना आळा घातला आणि २००२ मध्ये सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्राला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. तिथेही अतिक्रमणाचा ताण आहेच. पण काम करणारी माणसे आणि त्या कामाची नोंद, दोन्ही शिल्लक असल्यामुळे बाजू मांडता आली.

दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी यमुनेच्या पूर्वकाठी खेळाडूंचे निवासस्थान बांधण्यात आले. ही जागा नदीच्या पूरक्षेत्रात येते, असा आक्षेप पर्यावरण कार्यकर्त्यांनी न्यायालयात घेतला. जुलै २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जागा नदीपात्रातही नाही आणि पूरक्षेत्रातही नाही, असा निर्णय देऊन बांधकामाचा मार्ग मोकळा केला. स्पर्धा दोन आठवड्यांत संपल्या आणि इमारती कायमच्या राहिल्या. जुलै २०२३ मध्ये दिल्लीत यमुनेची पातळी २०८ मीटरच्या वर गेली, तेव्हा पूरक्षेत्राची हद्द कोणती हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला. मोठ्या स्पर्धेची तारीख ठरलेली असते. त्या घाईत जागेचा इतिहास तपासायला कोणाला सवड नसते, हा या उदाहरणाचा धडा.

कायद्याच्या नजरेला काय दिसते?

१९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरच्याच एका खटल्यात, उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय रद्द ठरवला. २००१ मध्ये हिंचलाल तिवारी खटल्यात तळी, वने, टेकड्या ही समाजाची संपत्ती असून पर्यावरणाच्या समतोलासाठी ती जपली पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे सार्वजनिक जागा खासगी होऊ नये यासाठी कायद्यात आधार आहे.

पण तळ्याचे स्टेडियम होते तेव्हा जागा सार्वजनिकच राहते. इथे कायद्याची पकड सैल होते. कर्नाटकच्या १९८५ च्या कायद्याच्या नावातच उद्याने, क्रीडांगणे आणि मोकळ्या जागा एकत्र आल्या आहेत. तिन्ही जपाव्यात हा हेतू चांगला आहे, पण त्यांतली एक दुसरीची जागा घेऊ लागली तर काय, याचे उत्तर नावातून मिळत नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली तळी व्याख्येबाहेर ठेवली आहेत. बंगळूरची बहुतेक जुनी तळी नेमकी तशीच बांधलेली आहेत. 'नैसर्गिक' या शब्दाची व्याख्या कोण आणि कशी करतो, यावर एखाद्या तळ्याचे भवितव्य अवलंबून राहू शकते.

समारोप

संपंगी तळ्याला खेळाने मारले, असे म्हणणे सोपे आहे, पण इतिहास तसे सांगत नाही. नळाच्या पाण्याने त्याची गरज संपवली. सांडपाण्याने त्याची अब्रू घालवली. रस्त्यांनी त्याचे पाणी तोडले. पोलोने त्याच्या कोरडेपणाला प्रतिष्ठा दिली. माळ्यांचे अर्ज फायलीत राहिले. एवढे झाल्यावर स्टेडियमला विरोध करायला फारसे कोणी उरले नव्हते.

यावरून आजच्या वादासाठी तीन कसोट्या निघतात. पहिली, ही जागा आज कोण वापरतो? त्यात ज्यांच्याकडे कागद नाही असे लोकही मोजले पाहिजेत. दुसरी, बदलानंतर ती कोणाला बंद होईल? तिसरी, हा बदल पुढे मागे घेता येईल का? गवताचे मैदान पुन्हा पाण्याखाली आणता येते, काँक्रीटचे स्टेडियम नाही. या कसोट्या लावल्या तर काही ठिकाणी उत्तर क्रीडांगणाच्या बाजूने येईल आणि काही ठिकाणी तळ्याच्या. दोन्ही वेळा ते उत्तर वेळेवर यायला हवे, म्हणजे तळ्यावर हक्क सांगणारी माणसे अजून काठावर असताना.

चर्चेसाठी प्रश्न

१. नळाच्या पाण्यामुळे शहरातील तळ्यांचे सामाजिक स्थान कसे बदलले?
२. उघडे मैदान आणि स्टेडियम यांच्यातील फरक सार्वजनिक हक्कांच्या दृष्टीने स्पष्ट करा.
३. संपंगी तळ्याचा छोटा भाग आजही टिकून आहे, याची कारणे सांगा.
४. तुमच्या शहरातील एखादे बुजलेले तळे किंवा पाणथळ निवडा. जुना नकाशा आणि वृद्धांच्या आठवणी यांच्या आधारे तिचे वापरकर्ते कोण होते, ते लिहा.